धुरजड की उलाळ: मागं बांधलेल्या खोलीच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

पुण्याला जाऊन ट्रेलर बघून आलो. दहा फूट लांब, सव्वासहा फूट रुंद खोका. एक आख, दोन चाकं. आत दोघांचा पलंग, एक झोपता येईल अशी बाक, मागच्या टोकाला ओटा आणि ओट्याखाली साठ लिटरची पाण्याची टाकी. प्लेटवर कमाल वजन ८५० किलो. दोन वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभाच आहे.

हे सगळं कशासाठी, ते पहिल्याच नोंदीत लिहून ठेवतो. आबांचे दोन्ही गुडघे गेलेत आणि मणक्याचं दुखणं जुनं आहे. दीड-दोन तास गाडीत बसले की त्यांना तासभर पाठ टेकावीच लागते. वाटेत तशी जागा मिळत नाही, लॉजचे जिने चढवत नाहीत, बाहेरच्या संडासाची त्यांना धास्ती. वर्षभरात कुठंच आले नाहीत. "तुमी जावा, मी घर राखतो," एवढंच म्हणतात. उभी हयात बैलगाडीवर ऊस आणि गूळ वाहिलेला माणूस आता गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन माघारी येतो. एक खोलीच गाडीमागं बांधून न्यावी, हे बरेच दिवस डोक्यात होतं. आत घरच बसवलेली मोठी गाडी परवडणारी नाही. बोलेरो दारात आहे: चेसिसवाली, मागच्या चाकांवर चालणारी, मागं पाटे. ओढकामाला हीच जात बरी.

तपासायला बॅटरी, स्क्रू-ड्रायव्हर आणि व्हर्नियर घेऊन गेलो होतो. आधी कोपरे बघितले. पाणी नेहमी छताच्या जोडातून, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून आणि चाकांच्या कमानीपाशी शिरतं. डाग रंगाखाली लपवता येतो, पण मऊ पडलेलं लाकूड लपत नाही. बोटाच्या पेरानं वाजवत गेलो. उजव्या मागच्या कोपऱ्यात हातभर पट्टा भद्द वाजला, बाकी सगळीकडे टणक. तेवढं प्लायवूड बदलता येईल.

टायरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूच्या भिंतीला बारीक भेगा. कडेचा चार आकडी कोड १४१७, म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातले. उभ्या गाडीचे टायर झिजून जात नाहीत, ते वयानं जातात. दोन्ही बदलायचे, हे किमतीत धरलं.

२५ सप्टेंबर

सौदा २,३५,००० ला ठरला.

याआधी घराजवळचेच दोन ट्रेलर बघून सोडले होते. दोन्ही हौसेनं घरी बांधलेले, काम सुरेख, पण कागद नव्हते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे आणि त्याला स्वतःची नोंदणी लागते. ह्याला आरसी आहे, चेसिसवरचा नंबर आरसीशी जुळला. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० भरले. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: ट्रेलरवर त्याचा स्वतःचा नंबर तर हवाच, शिवाय तो ज्या गाडीला जोडलाय तिचाही नंबर ट्रेलरवर दिसायला हवा. कलम ६१. बोलेरोचा एमएच ०९ चा नंबर रंगवून घ्यायला टाकला.

६ ऑक्टोबर, रविवार

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोलेरोला हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा बॉल आणि त्याचा सांगाडा, बसवून घेतला. हे काम घाईत उरकण्यासारखं नाही, म्हणून सकाळी नऊपासून मिस्त्रींच्या शेजारी उभा होतो.

माझ्या डोक्यात होतं की मागच्या बंपरच्या पट्टीलाच बॉल बसेल. मिस्त्रींनी बंपर हातानं हलवून दाखवला. "साहेब, ह्यो पत्रा नुसता दिसायला हाय. वडायचं वजन चेसिसनंच घ्याय पायजे. आन चेसिसला वेल्डिंग मारणार न्हाई, बोल्टच." चेसिसच्या पट्टीला उष्णता दिली की त्या जागी तिचा गुण बदलतो आणि पुढं कधीतरी तिथंच तडा जातो, हे मी कारखान्यात क्वालिटीत असल्यानं मला समजायला हवं होतं. दोन्ही दांड्यांना आतून दहा मिलिमीटरच्या प्लेटा, ८.८ ग्रेडचे बोल्ट, मधे आडवा चौकोनी पाइप. साखळ्यांसाठी दोन कड्या आडव्या पाइपाला वेगळ्या. बॉलची उंची ट्रेलरवरून काढली: तो सपाट उभा असताना कपलर, म्हणजे दांडीच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी, जमिनीपासून ४३० मिलिमीटरवर येतो. बॉल त्याहून वर-खाली झाला तर ट्रेलर नाक वर किंवा खाली करून चालणार.

बॉलवरून मात्र अर्धा दिवस गेला. कपलरवर ५० चा ठसा आहे. दुकानात मिळाला तो दोन इंची. दुकानदार म्हणाला, दोन इंच म्हणजेच पन्नास. व्हर्नियर लावला तर ५०.८. आठ दशांशाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण पन्नासचा कपलर त्यावर पुरता बसत नाही. वरून खिट्टी लागल्यासारखी वाटते आणि आतली पकड अर्धीच असते. उलटं केलं, म्हणजे दोन इंची कपलरात पन्नासचा बॉल घातला, तर खुळखुळा होतो आणि झिजत जातो. तिसऱ्या दुकानात ५० चा मिळाला, तोही मोजूनच घेतला. ही नोंद कुणी वाचणार असेल तर एवढं एक लक्षात ठेवा: बॉल मोजून घ्या, विचारून नव्हे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ट्रेलर आणला. हात अजून थरथरतोय.

सकाळी सातला पुणे सोडलं. रिकामं ओढताना पहिले वीस किलोमीटर काही जाणवतच नाही. फक्त गाडी सुटायला वेळ लागतो आणि थांबायला जास्त लागतो. खंबाटकीचा चढ दुसऱ्या गिअरात आरामात चढला. उतारावर कळलं की ब्रेक दाबला की मागून कुणीतरी ढकलतंय. ट्रेलरला ब्रेक आहे असं सांगितलं होतं आणि मी फक्त हँडब्रेक ओढून बघितला होता. चालताना लागणारा ब्रेक लागतच नव्हता. उतार दुसऱ्या गिअरातच उतरलो. खाली आलो तेव्हा बोलेरोच्या ब्रेकचा वास येत होता. अर्धा तास थांबलो.

सातारा ते कागल रस्त्याचं काम चालू असल्यानं जागोजागी वळवलेले रस्ते, तिथं वेग आपोआप कमी. पेठ नाक्यानंतर रस्ता मोकळा मिळाला आणि मी सत्तरला गेलो. किणीचा टोलनाका ओलांडून वाठारच्या अलीकडं एक लक्झरी बस उजवीकडून पुढं गेली. बसचं नाक शेजारी आलं तेव्हा हवेनं ट्रेलरला आधी बाहेर ढकललं आणि शेपूट पुढं सरकताना आत ओढलं. तेवढं निमित्त झालं. ट्रेलर डावीकडं गेला, उजवीकडं आला, परत डावीकडं, आणि प्रत्येक फेरीला जास्त. मागच्या आरशात एकदा हा कोपरा, एकदा तो. बोलेरोची मागची बाजू त्याच्या तालावर हलायला लागली.

पाय ब्रेककडं जात होता. दाबला नाही. हे कुठंतरी वाचलेलं त्या घडीला आठवलं, हे नशीब. ट्रेलरला ब्रेक नसताना पुढच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला तर मागचा धक्का तिरका लागतो आणि दोन्ही गाड्या मिटलेल्या चाकूसारख्या दुमडतात. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, त्याच्या हेलकाव्याला उलट वळवायला गेलो नाही. पन्नासच्या खाली आल्यावर थांबला. पुढं कोल्हापूरपर्यंत चाळीसनं आलो.

कुणालाही पुरतं सांगितलेलं नाही. बायकोला फक्त "जरा हलत होता" म्हणालो.

१२ ऑक्टोबर, दसरा

बोलेरोची आणि ट्रेलरची पूजा. झेंडूचा हार कपलरला बांधला. पोरगी संध्याकाळी दसरा चौकातून सोनं घेऊन आली, तेही ट्रेलरच्या दाराला अडकवलं.

पण लिहायचं आहे ते दुसरंच. पूजा झाल्यावर आबा काठी टेकत ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले. आत डोकावले नाहीत. पुढं येऊन त्यांनी कपलरखाली डावा हात घातला आणि दांडी उचलली. एका हातानं, ह्या वयात, वीतभर.

"गाडी उलाळ हाय," म्हणाले.

मी विचारलं, म्हणजे?

"मागं जड. बैलगाडी अशी भरली की जू वर उटतंय, जोतं बैलाच्या नरड्याला लागतंय. बैल घुसमटतो आन गाडी मागनं नाचती. हितनं पुण्यास्नं आलास न्हवं? नाचली आसंल."

मग मी त्यांना वाठारचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "धुरजड बी चालत न्हाई, बैलाची मान जाती. पर थोडी पुढं कललेलीच भराय लागती. ऊस भरताना पैली मोळी कुठं टाकायची त्येच्यावर सगळं असतंय गा."

१३ ऑक्टोबर, रविवार

मोजलं. दुकानदार मित्राकडून शंभर किलोचा काटा आणला. सपाट फरशीवर ट्रेलर उभा करून, चाकांना उटी लावून, काट्यावर पाइपाचा तुकडा ठेवला आणि कपलर त्यावर टेकवला. उंची बॉलएवढीच, ४३०. उंची चुकली तर आकडा चुकतो.

दांडीवर १९ किलो.

पूर्ण ट्रेलर वजनकाट्यावर: टाकी भरून, सिलिंडर आणि गाद्या धरून ६८०. म्हणजे दांडीवर तीन टक्केसुद्धा नाही. युरोपात साधारण पाच ते सात टक्के धरतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. तिकडचे ट्रेलर वेगळे, वेग वेगळे, पण तीन टक्के कुणीच धरत नाही.

आबांनी काट्याशिवाय एका हातानं सांगितलं ते हेच.

२० ऑक्टोबर, रविवार

आज फक्त मोजमाप आणि कागदावर हिशेब. पाऊस होता, बाहेर काही करता आलं नाही.

कपलरपासून आखापर्यंत ३ मीटर. आखाच्या मागं खोक्याचा भाग १.२ मीटर. ह्या १.२ मीटरमध्ये आधीच्या मालकानं काय काय कोंबलंय: टाकी (६० किलो पाणी) आखाच्या मागं १.१ मीटरवर, बॅटरी (२८ किलो) १ मीटरवर, ओटा, शेगडी. पुढचा पलंग म्हणजे नुसती गादी. दिसायला नेटकं आहे, कारण पाणी ओट्याजवळ आणि बॅटरी पंपाजवळ. वजनाचा विचार कुणी केलेला नाही.

हिशेब तराजूचाच आहे. आख म्हणजे तराजूचा काटा. मागचा एक किलो जेवढा लांब, तेवढा तो दांडी वर उचलतो. बॅटरी मागून काढून दांडीवरच्या पेटीत, आखाच्या पुढं २.२ मीटरवर नेली तर ती ३.२ मीटर सरकते. २८ गुणिले ३.२ भागिले ३, म्हणजे दांडीवर ३० किलो वाढणार. टाकी पलंगाखाली आखाच्या पुढं अर्ध्या मीटरवर आणली तर ६० गुणिले १.६ भागिले ३, म्हणजे ३२. एकूण १९ अधिक ३० अधिक ३२, ८१ किलो. ६८० वर बारा टक्क्यांच्या आसपास. बोलेरोला एक जाड माणूस मागच्या दाराला लटकल्यासारखं वाटेल, पण सोसेल. ह्याहून जास्त नको, नाहीतर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि दिव्यांचा झोत वर जातो. ती झाली धुरजड.

मागं जड असलं की हेलकावा का वाढतो, हेही लिहून ठेवतो, कारण मला ते आज नीट समजलं. आखामागचं वजन म्हणजे लंबकाचा गोळा. एकदा बाजूला गेला की स्वतःच्या जोरानं पुढं जात राहतो आणि बॉलभोवती सगळा ट्रेलर फिरवतो. वजन पुढं असलं की दांडी बॉलवर दबून राहते, ढकललेला ट्रेलर आपला आपण रांगेत येतो. वेग वाढला की हे सगळं बिघडतं, म्हणून साठपर्यंत हलत नाही आणि सत्तरला एकदम नाचतो. मी ह्याला वाऱ्याचा आणि बसचा दोष समजत होतो. बसनं फक्त टिचकी मारली.

२७ ऑक्टोबर

बॅटरीची पेटी दांडीवर. जाडी केबल, पेटीपाशीच फ्यूज. दांडीवर आता ४९. चुलतभाऊ आला होता, तो कारखान्याला ट्रॅक्टर लावतो. त्याला हे पटेना. "भावा, दांडीवर वजन कशाला घेतोयस? आमच्या ट्रॉलीच्या दांडीवर काडीचं वजन नसतंय आन वीस टन ऊस वडतोय." त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. त्याच्या ट्रॉलीला चार चाकं, पुढचा आख दांडीसकट फिरतो. सगळं वजन चाकांवर, दांडी फक्त ओढते. माझा ट्रेलर ट्रॉलीच्या जातीचा नाही, बैलगाडीच्या जातीचा आहे. एक आख आणि पुढं मान. हे त्याला सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तर मग आबास्नीच इचारत जा."

दिवाळीत काम बंद.

१० नोव्हेंबर, रविवार

ब्रेक. ह्याच्यावर आख्खा दिवस गेला आणि जाऊ देत.

ह्या ट्रेलरला वायरचा ब्रेक नाही, ढकलब्रेक आहे. कपलर एका दांड्यावर बसलेला असतो आणि तो दांडा थोडा आत सरकू शकतो. पुढची गाडी थांबायला लागली की ट्रेलर तिला ढकलतो, दांडा आत जातो, सळई ओढली जाते आणि चाकांच्या ड्रममधले लायनर उघडतात. जेवढा जोरात ढकलेल तेवढा जोरात स्वतःलाच थांबवतो. वीज नको, कुणी दाबायला नको. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानंच उघडतात, त्या जातीची युक्ती. असली यंत्रं बघताना मला अजूनही पहिल्यांदा बघतोय असं वाटतं.

पण दांडा दोन वर्षांच्या गंजानं जागीच धरला होता. उघडला, बुश साफ केले, ग्रीस भरलं. आतला दाबक चांगला निघाला, तो नसता तर दर गिअरला धक्के बसले असते. ड्रम उघडले तर लायनर काचेसारखे चकचकीत. एमरीनं खरवडले, दोन्ही बाजू सारख्या लावल्या. बेअरिंग काढून जुनं ग्रीस धुतलं, नवं तळहातावर घेऊन दाबून भरलं. हे बघायला आबा खुर्ची घेऊन दारात बसले होते. वंगण बोटानं चोळून बघितलं आणि म्हणाले, "आमी गाडीखाली वंगणाचं नळकांडं बांधायचो. तू बी बांध." ग्रीसचा डबा ट्रेलरमध्ये ठेवला.

मागं घेताना हा ब्रेक उलटा नडतो: ढकललं की त्याला वाटतं पुढची गाडी थांबली, आणि तो लागतो. त्यासाठी एक खिट्टी आहे, ती घातली की दांडा सरकत नाही. मागं घेऊन झाल्यावर ती काढायची राहिली तर पुढं ब्रेकच नाही. खिट्टीला लाल फीत बांधली.

सुटकेची तारही नवी टाकली. ट्रेलर बॉलवरून निसटला तर ती हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. ती बॉलला नुसती गुंडाळायची नाही, वेगळ्या कडीला अडकवायची. साखळ्या दोन, कपलरखाली एकमेकींना ओलांडून, म्हणजे दांडी सुटली तर जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडेल.

१७ नोव्हेंबर

टायर नवे. नट टॉर्कनं आवळले.

दिवे: ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद लुकलुकायचा. असं दिसलं की बाकी काही उघडायच्या आधी अर्थिंग बघायचं. सात पिनांच्या प्लगात तीन नंबरची पांढरी वायर अर्थिंगची. तिचं टोक हिरवं पडून अर्धं तुटलेलं. कापून नवं केलं, चेसिसवरचा रंग खरवडून तिथं बोल्ट मारला. दहा मिनिटांचं काम, शोधायला दोन तास.

२४ नोव्हेंबर, रविवार

टाकी पलंगाखाली आली. ओट्यापर्यंत नवा पाइप, पंप तोच. कोपऱ्यातलं कुजलेलं प्लाय कापून नवं बसवलं, बाहेरून जोड भरला.

काट्यावर दांडी: ८०. हिशेब ८१ चा होता. मीच खाली बसून दोनदा वाचला.

आबांना बोलावलं. त्यांनी डावा हात घातला, उचलायला गेले, दांडी हलली नाही. मला उचलायला सांगितली. कंबर वाकवून, पूर्ण जोर लावून एक वीत उचलली. मग म्हणाले, "एकट्याला जड, दोघांस्नी हलकी. आता बरोबर हाय."

१ डिसेंबर, रविवार

मागं घेणं शिकलो. कळंब्याच्या पुढं एका मोकळ्या प्लॉटवर. चुलतभावाचा गळिताचा हंगाम चालू आहे, रात्रभर ट्रॅक्टर चालवून सकाळी झोप न घेता आला.

मी सवयीप्रमाणे स्टिअरिंग वरून धरून वळवायचो आणि ट्रेलर बरोबर नको तिकडं जायचा. त्यानं माझा हात धरून स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवला. "आता हात ज्या अंगाला न्हेशील त्या अंगाला ट्रॉली जाणार. डोकं लावू नगंस." खरंच तसं. दुसरं: वळायला लागला की लगेच सोडून त्याच्या मागं जायचं, वळतच राहिलो तर कोन मिटत जातो आणि दांडी बंपरला टेकते. तिसरं: बिघडलं की मागं दामटायचं नाही, पुढं जाऊन सरळ करून परत. आखूड ट्रेलर लांब ट्रॉलीपेक्षा लवकर दुमडतो, हे त्यालाही आज नवीन होतं. चार तासांत सोळा वेळा बांबूंच्या मधून नेला. शेवटचे पाच नीट.

आरशांना लांब दांड्या लावल्या, खोका बोलेरोपेक्षा रुंद आहे.

८ डिसेंबर

कागलपर्यंत जाऊन आलो, टाकी भरलेली, सगळं सामान आत. पन्नास किलोमीटरच्या आत एकदा थांबून नट परत आवळले, नव्यानं बसवलेल्या चाकाचे थोडे ढिले पडतातच. दोन हलले.

साठला एक बस बाजूनं गेली. मुठी आवळून वाट बघत होतो. ट्रेलर थोडा बाहेर सरकला आणि आपला आपण रांगेत आला. पासष्टला दुसरी. तसंच. रस्त्याकडेला थांबून पाच मिनिटं नुसता बसलो.

वेग साठच ठरवला. जमतंय म्हणून वाढवायचा नाही.

२८ डिसेंबर, शनिवार, राधानगरीच्या अलीकडं

आबा आले.

सकाळी निघताना क्रम मोठ्यानं वाचला, पोरीनं एकेक टिक केली: कपलरची खिट्टी, साखळ्या, तार, प्लग, दिवे, लाल फीतवाली खिट्टी बाहेर, पुढचं छोटं चाक वर, कोपऱ्यांचे टेकू वर, सिलिंडर बंद, खिडक्या. बायकोनं सगळं जड सामान, तांदूळ, भांडी, कणीक, आखावर किंवा थोडं पुढं ठेवलं, वरच्या कप्प्यात फक्त कपडे.

हळदीपासून भोगावतीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रांग. त्यांच्यामागं तीस-पस्तीसनं. मला घाई नव्हती. आबा खिडकीतून प्रत्येक ट्रॉली बघत होते आणि भरणी चुकलेली दिसली की सांगत होते. सव्वा तासानंतर कंबर धरली. झाडाखाली थांबलो, टेकू टाकले, दार उघडलं. दोन पायऱ्या, दोन्हीकडं धरायला नळ्या. आत जाऊन आडवे झाले आणि वीस मिनिटांत घोरायला लागले. बायकोनं ओट्यावर चहा केला. रस्त्याकडेला आपल्याच घरात बसून चहा पिताना ती काही बोलली नाही, पण तिनं दोनदा आत डोकावून बघितलं.

मेव्हण्याच्या शेतात मुक्काम. पाणंद अरुंद, मागंच घ्यावं लागलं. हात स्टिअरिंगच्या खाली. तिसऱ्या फेरीत बसला.

कॅराव्हॅन पार्क करायच्या जागा व्हाव्यात म्हणून राज्याचं २०२१ चं धोरण आहे, पण ह्या वाटेवर आज आम्हाला उपयोगी पडली ती मेव्हण्याची विहीर आणि त्याच्या घरचा संडास.

दुपारी ट्रेलर तिथंच ठेवून बोलेरोनं धरणाच्या पाण्याकडं गेलो. खोली मागं सोडून गाडी मोकळी नेता येते, हा ट्रेलरचा फायदा आधी लक्षात आला नव्हता.

रात्री थंडी चांगली पडली. वरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवली, शेगडी बंद, सिलिंडर बाहेर पेटीत बंद. आबा पलंगावर, आम्ही दोघं बाकेवर आणि खाली, पोरगी मेव्हण्याच्या घरात.

२९ डिसेंबर

पहाटे जाग आली तर पलंग रिकामा. घाबरून बाहेर आलो. आबा दांडीवरच्या बॅटरीच्या पेटीवर बसले होते, घोंगडं पांघरून. बैलगाडी सोडून माणूस जुवाजवळ बसतो तसे. म्हणाले, "गगनबावड्याच्या खाली कोकणात कधी उतरलोच न्हाई. गूळ तितवरच न्ह्यायचो."

परतीला काही विशेष नाही. दोनदा थांबलो.

५ जानेवारी २०२५, रविवार

प्रत्येक थांब्यावर हबला हात लावत होतो. उजवा कोमट, डावा परतीच्या शेवटच्या थांब्याला हात ठेवता येईना इतका तापलेला. बेअरिंग असतं तर आवाज आला असता, चाक उचलून हलवलं तर खेळ नाही. लायनर जास्त बाहेर लावलेला असावा, डावा ब्रेक सतत थोडा घासतोय. सपाटीला चालून गेलं. घाटात उतरताना एकच बाजू धरली तर ट्रेलर तिरका होईल.

टाकी रिकामी असताना दांडी मोजली: ७०. एकूण ६२०. बरोबर आहे, पाणी संपलं तरी उलाळ होत नाही.

आबांनी कालपासून दोनदा विचारलंय, गगनबावड्यावरनं कोकणात उतरणारा भुईबावडा घाट किती उताराचा आहे. मी सांगितलं, आधी डावा ड्रम उघडतो. ते खुर्ची घेऊन अंगणात जाऊन बसलेत.